आयुष्यभराचा परवाना

६ जानेवारी
हरामखोर! फुकट देऊन देऊन सवय लावली आणि आता हात पसरतात. सकाळी माझा घरचा सिनेमांचा सर्व्हर उघडला तर वर कंपनीची पाटी — फेब्रुवारीपासून घराबाहेरून कोणी तुमचे सिनेमे बघणार असेल तर पैसे भरा. सिनेमे माझे, डिस्क माझी, वीजबिल आईचं, आणि पैसे यांना!
घरातल्या घरात बघायला अजूनही काही लागत नाही म्हणे. पण घरात बघतं कोण? आईला रेडिओ पुरतो. हा सगळा खटाटोप बाहेरच्यांसाठी. खरं लिहायचं तर बाहेरच्या एकीसाठी.

८ जानेवारी
दुपारची जेवणं उरकून सगळं एन्कार्नासियोन गाव आडवं झालेलं, कुत्रीसुद्धा. आणि नोएलियाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, म्हणजे बघायला बसली! तिकडे समुद्रापलीकडे, मालागात संध्याकाळ. कामावरच्या म्हाताऱ्यांना भरवून, पुसून, खोलीवर आली असणार. पुन्हा तीच जुनी मालिका, दोन बहिणींची. तिच्या घरी बसून आम्ही पाहिलेली. मी शोधून शोधून सगळे भाग जमवलेले.
लग्नाचा भाग लावते आणि अर्ध्यात सोडते. दुसऱ्या दिवशी मागे नेऊन पुन्हा लावते. पुन्हा अर्ध्यात! मला काय कळत नाही का?
बसस्टँडवर म्हणाली होती, "फोन करू नकोस. लिहू नकोस. तू प्रेम करत नाहीस नेरी, पाळत ठेवतोस." तिची आई, सुनिल्दामावशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती. दोन गल्ल्यांवर राहते, पण तेव्हापासून ती दिसली की मी रस्ता ओलांडतो.
म्हणून नुसता ठिपका बघतो. त्यावर टिचकी मारली तर कुठून बघते, कशावर बघते, सगळं दिसेल. मारत नाही. शब्द दिलाय.

१५ जानेवारी
देर्लिसच्या दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर दोन लॅपटॉप आणि चौदा तक्रारी. दुपारी बर्फ घालून तेरेरे केलं, आमचा पाल्याचा गार चहा. माझा मामेभाऊ असला तरी पेला माझ्याकडे देताना उपदेश केल्याशिवाय देत नाही.
"आयुष्यभराचा परवाना घेऊन टाक. एकदाच काय ते. मी घेतला, पोरं कार्टून बघतात, माझ्या डोक्याला ताप नाही."
"कोणाच्या आयुष्यभराचा? माझ्या की कंपनीच्या?"
"मग घे ते दुसरं, फुकटचं सॉफ्टवेअर. बायको नाही, कॉलेज नाही, सर्व्हरची चाकरी कर. बाहेरून बघायचा रस्ता तू काढ, कुलूप तू लाव, बिघडलं की शिव्या तू खा."
"फुकटच्यात मालक तरी मीच असतो!"
"मालक? लेका, तिसऱ्या वर्षाला प्रोफेसरच्या टेबलावर मूठ आपटून बाहेर पडलास, तेव्हाही मालकच होतास."
पेला तसाच ठेवून निघालो. वाटेत लक्षात आलं, लॅपटॉप उघडाच ठेवलाय. परत गेलो. तो हसला.

१६ जानेवारी
पैसेवाल्याची बाजू — कोणाला काही सांगावं लागणार नाही. तिचं नाव तिथेच राहील, अर्धवट भाग तिथेच राहील, ठिपका लागत राहील.
फुकटच्याची बाजू — सगळं नव्याने. प्रत्येकाला नवं नाव, नवा पासवर्ड. कोण कुठे थांबलं होतं त्या खुणा पुसल्या जाणार. म्हणजे तिला कळवावं लागणार. आणि कळवायचं नाही असा शब्द दिलेला.
मोटरसायकल विकली तर परवाना सहज येतो. तिला मागे बसवून नदीकाठी नेण्यासाठीच घेतली होती ती. आता मागे कोण बसतं? गॅसचा सिलिंडर!

२१ जानेवारी
आज काय झालं! ऐन दुपारी वीज गेली. उकाड्याने जीव नकोसा. तासाभराने आली. सर्व्हर धापा टाकत उठला, आणि दोनच मिनिटांत ठिपका!! म्हणजे ती तिथे बसून होती. वाट बघत. माझ्या घरची वीज यायची वाट बघत, समुद्रापलीकडे!
आईला मिठी मारली. "भूक लागली का?" म्हणाली.

२७ जानेवारी
झोप नाही. वाट बघते, मग एक अक्षर लिहीत का नाही? ठिपका म्हणजे काय असतं? काहीच नसतं. मी मोटरसायकल विकून तो ठिपका विकत घेणार आणि म्हातारा होईपर्यंत दुपारी बसून बघणार. आयुष्यभराचा परवाना!
देर्लिसला सांगितलं. म्हणाला, "अरे, मग बंद कर आणि बघ. हवं असेल तर विचारेल, का बंद पडलं म्हणून."
पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. कानफटात मारावीशी वाटली.

१ फेब्रुवारी
केलं! पैसेवालं उखडलं, फुकटचं बसवलं. सबंध दिवस गेला, बाहेरचा रस्ता तीनदा चुकला, राउटरला लाथ मारली. पायाला लागलं, राउटरला नाही. सगळ्यांना नवी नावं पाठवली. तिला नाही. ती विचारेल.

२ फेब्रुवारी
नाही विचारलं.

४ फेब्रुवारी
मावसभावाने विचारलं. देर्लिसच्या सासूने विचारलं. शाळेतला एक जण, ज्याचं नाव मी विसरलो होतो, त्याने विचारलं. जगात सगळ्यांना माझा सर्व्हर हवाय!

७ फेब्रुवारी
कार्निव्हल. अख्खं गाव पिसं लावून नाचतंय, ढोल इथपर्यंत ऐकू येतात. आई चिपा, चीजचा पाव, भाजून ठेवून गेली. खाल्ला नाही. फोन उलटा ठेवला. सुलटा केला. उलटा ठेवला.
चूक केली. पैसे भरायला हवे होते. निदान ठिपका होता.

९ फेब्रुवारी
मोटरसायकलला गिऱ्हाईक आलं होतं. नको म्हणालो. मग हो म्हणालो. तो मला वेडा समजून निघून गेला.

११ फेब्रुवारी
फाटकाशी टाळ्या वाजल्या, दार उघडा म्हणून. बाहेर सुनिल्दामावशी, हातात रिमोट.
"का रे बंद पडलं? नोएलिया जाताना स्वतःच्या नावाने लावून देऊन गेली होती. दुपारचा तेवढाच विरंगुळा. त्या लग्नाच्या भागात माझा मेला नेमका डोळा लागतो, अजून पुरा झाला नाही."
"नोएलियाला विचारलंत?" मी म्हणालो.
"विचारलं ना. म्हणाली, 'अगं आई, ते अजून चालतं?'"
मावशीच्या घरी गेलो. टीव्हीवर फुकटचं चढवलं. नाव घातलं — सुनिल्दा. लग्नाचा भाग लावून दिला. पाच मिनिटांत घोरायला लागली.
मी बसून शेवटपर्यंत पाहिला.