रातकिड्यांचा डबा

प्रिय दीपक,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. निदान तू ज्यांची चौकशी करत नाहीस ते तरी.

चैत्रात तू तुझी दोन बेडकं 'पंधरा दिवसांसाठी' बुलढाण्याला ठेवून पुण्याला गेलास. तेव्हापासून दर रविवारी तुझा फोन न चुकता येतो. बेडकं कशी आहेत, खातात का, काचेच्या पेटीत ओल आहे का. आईपर्यंत विषय येतो तोवर तुझा दुसरा कॉल आलेला असतो.

बेडकं अंगठ्याच्या नखाएवढी, पण थाट जावयाचा. मेलेलं खाणार नाहीत. जिवंत रातकिडे हवेत, तेही तिळाएवढे. जन्मभर धान्यातले किडे वेचलेल्या आपल्या आईने सत्तरीत डब्यात किडे पाळले. त्यांना कोंडा, गाजराची फोड, अंडी घालायला ओली माती. शेजारच्या सिंधूताई हसल्या तर म्हणायची, पोराची अमानत आहे.

श्रावणात कोंड्याला जाळी धरली. आईने गव्हाच्या कोठीत घालते तसा डब्यात कडुनिंबाचा पाला घातला. तिसऱ्या दिवशी डबा गप्प. मग मेलेला किडा दोऱ्याला बांधून ती दुपारभर बेडकांपुढे हलवत बसायची. ती फसली नाहीत. देऊळघाटच्या शेताच्या बांधावरून तिने रातकिडे धरून आणले, तर ते बेडकांच्या तोंडात मावेनात. पोळ्याच्या आत दोन्ही गेली.

मी तुला कळवायला फोन उचलला, तर आईने हात धरला. "नको सांगू त्याले. बेडकं न्यायले येतो म्हणते ना तो दिवाईले."

तेव्हापासून ती ते बांधावरचे रातकिडे पोसते आहे. रविवारी फोन डब्याजवळ धरते. किरकिर ऐकून तू म्हणतोस, वा, खाणं भरपूर दिसतंय. ती खूश होते.

काल तुझा मेसेज आला: सुट्टी नाही, मेहकरचा मित्र गजेंद्र येऊन पेटी घेऊन जाईल. आईला मी तो दाखवला नाही. ती तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकत होती. फोनवर बोलले तर ती शेजारीच असते, मेसेज तू धड वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. गजेंद्रला पाठवू नकोस. न्यायला काही नाही, हे तुला आता कळलं आहे. तरीही आलास, तर तुला आधीच ठाऊक होतं हे मी तिला कधी सांगणार नाही. येणार नसलास, तर रविवारी फोन करू नकोस. शनिवारीच तो डबा मी बांधावर उघडून येईन.

तुझीच,
सुचिताताई