दुसऱ्या खांबाचे तीस सेंटिमीटर

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची अवस्था पाहता तो उभ्यानेच घातला असं समजावं.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ताईने कळवलं, बरं वाटलं. इकडे सगळे ठीक आहेत, एक मी सोडून. गुरुवारी जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही. काल चहात साखर समजून मीठ घातलं आणि कप रिकामा झाल्यावर ते लक्षात आलं, यावरून काय ते ओळखा.

झालं असं. माझ्या निवृत्तीला पंधरा दिवस उरलेत. ‘स्थापत्य अभियंत्याने दीर्घ आणि समाधानी कारकीर्द कशी घडवावी’ यावर मी नव्या अभियंत्यांपुढे बोलावं, असं मोठ्या साहेबांनी फर्मावलं आणि मी हुरळलो. दीर्घ होण्यात माझं कर्तृत्व काही नाही, दुसरं काही येत नसलं की माणूस टिकतो. पण समाधानाचं खोटं नाही, दाजी. आपल्या पुलावरून शाळेची मुलं, दुधाच्या गाड्या, भांडत निघालेली नवराबायको बिनघोर जातात, कुणाला आपलं नावही ठाऊक नसतं, आणि आपण मात्र उगाच कठड्याला हात लावून येतो. असं बरंच लिहून मी जेवताना बायकोला आणि लेकीला वाचून दाखवू लागलो. (बायको मध्येच मीठ आणायला उठली ती बराच वेळ आली नाही.) ‘प्रामाणिक मोजमाप हाच आपल्या कामाचा पाया’ या वाक्याशी पोचलो, आणि बापाच्याच वाटेने जाऊन आता जुने पूल तपासणाऱ्या लेकीने ताटातून मान वर न करता विचारलं, “बाबा, ओढ्यावरच्या पुलाचा दुसरा खांब नकाशापेक्षा तीस सेंटिमीटर अलीकडे का आहे?”

मी घास परत ताटात ठेवला. तो माझा पहिला पूल. तुम्ही तिथले साहेब, मी नुकता लागलेला. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून आज सांगतो. आमची मोजायची टेप टोकाला तुटलेली होती, पहिले तीस सेंटिमीटर गायब. अशी टेप साइटवर कुणी फेकत नाही, हे तुम्ही जाणता. तीसच्या खुणेपासून धरायची आणि शेवटी तीस मिळवायचे. मी धरली बरोबर, मिळवायचं विसरलो. खांब उभा राहिल्यावर वर काँक्रीट ओतण्यासाठीच्या फळ्या बसेनात, तेव्हा सुतार शांतपणे म्हणाला, “साहेब, फळ्या काही एका दिवसात वाढत नाहीत.” मग दोन दिवस आकडेमोड केली, दोन खांबांमधल्या लांबलेल्या गाळ्यात लोखंड वाढवलं, पूल भक्कम केला. इथवर मी अभियंता होतो. शेवटच्या नकाशात मात्र खांब जिथे असायला हवा होता तिथेच काढला आणि खाली झोकदार सही ठोकली.

आता लेकीकडे एक यंत्र आहे. तीन पायांवर उभं राहतं, लाल ठिपका सोडतं आणि माणसाचं चौतीस वर्षांपूर्वीचं पाप मिलिमीटरमध्ये सांगतं. (एकोणतीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. म्हणजे चूकसुद्धा मला अचूक करता आली नाही.) तिचा अहवाल सोमवारी जाणार. मी म्हटलं, पूल भक्कम आहे ना, मग खांबाचं लिहायचं राहू दे, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, पूल भक्कम आहे हे लिहीन आणि खांब कुठे आहे तेही लिहीन, उद्या कुणी तुमच्या नकाशावर विसंबून पूल रुंद करायला घेतला तर? मी आरडाओरडा केला, जेवण टाकलं, जाऊन खिडकीशी उभा राहिलो. आणि तिथे मला दुसरा धक्का बसला. मी तिला गप्प राहायला सांगत होतो खरा, पण ती ‘बरं’ म्हणेल की काय, याचीच मला भीती वाटत होती.

ताईला नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर घालावं.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. – मूळ मुद्दा राहिलाच. त्या दिवशी टेप तुम्ही धरली होती, असं मी लेकीला सांगून बसलोय. तुम्ही केव्हाच निवृत्त झालात, तुमचं आता कोण काय वाकडं करणार? तिचा फोन आला तर कृपा करून ‘हो’ म्हणावं.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात लेक म्हणाली की तिने तुम्हाला शुक्रवारीच फोन केला होता आणि तुम्ही कुणी न सांगताच ‘चूक माझी’ म्हणालात. दाजी! त्या आठवड्यात तुम्ही अपेंडिक्स काढून दवाखान्यात पडला होतात. साइटच्या डायरीत तुमची रजा माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे आणि ती डायरी तिने माझ्यापुढे ठेवली. मी तुमच्यावर ढकललं, तुम्ही आधीच अंगावर घेऊन बसला होतात. मला लाज वाटली, फार वाटली. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. खांबाची खरी जागा दाखवणारा नकाशा मी आज माझ्या हाताने काढला, खांब का सरकला ते लिहिलं आणि सही केली. लेकीने कागद वरपासून खालपर्यंत तपासला आणि परत माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, “तारीख घाला, बाबा. आजची.”