चिकाच्या लोटीतून गेलेले पेनिसिलिन

२ फेब्रुवारी १९४७, रविवार. लोणावळे.
काल पुण्याहून घरी. पित्ताशय तिकडेच राहिले. खडा तेवढा बाटलीत घालून बरोबर दिला. सकाळपासून दर्शनाला रीघ. आक्का म्हणाली, "पित्ताची पिशवीच काढली ना? मग आता भावा, चिडायचं कारण उरलं नाही." वात आणि कफ यांच्या बळावर चिडलो.

४ फेब्रु., मंगळ.
ताप १०२. टाक्यांपाशी लाल, पू. वर्तमानपत्राला मावळची बातमी धाडायची राहिली. सध्या मावळात मीच बातमी. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिन मिळवतो. न मिळाले तर... वाक्य तिथेच सोडून हात धुवायला गेले.

५ फेब्रु.
पुण्याहून सहा बाटल्या मिळाल्या. रोज एक, दर तीन तासांनी थोडी थोडी टोचायची. सहाच्या सहा संपल्याच पाहिजेत, ही ताकीद. हे बुरशीपासून करतात असे आक्काला कळले. "लोणच्याला आली तर मी बरणी फेकते, आणि तुम्ही टोचून घेता!" तरी बाटल्यांना माठाखालच्या ओल्या, गार वाळूत जागा दिली. टोचायला कंपाउंडर बबनराव. "कूस बदला, भाऊ. ही बाजू लय वापरली."

८ फेब्रु., शनि.
तीन बाटल्या झाल्या. ताप नाही, पू नाही. खुर्चीत बसलो. आक्का बुरशीविषयी आदराने बोलते.
सकाळीच कुसगावची दूधवाली सोनाबाई लोटीभर चीक देऊन गेली. मला स्निग्ध वर्ज्य. खरवसाचा वास तेवढा घेतला. तिच्या धोंडिबाचा पाय कोयत्याने कापला होता, तो मांडीपर्यंत सुजलाय म्हणे.
मग बबनराव आजची बाटली घ्यायला गेले ते वाळू चाचपून परत. "बाटल्या न्हाईत, भाऊ."
आक्का शांत. "शेजारधर्माची लोटी रिकामी कशी परत करू? साखर घालावी तर ती रेशनची. तू तर बरा झालास. तिच्या नवऱ्याला तरी..."
तिन्ही!

९ फेब्रु.
बबनराव सायकलवरून कुसगावला जाऊन आले. सोनाबाईने एक बाटली फोडून पूड जखमेवर भुरभुरली. उरलेल्या दोन तिने आपणहून पुढे केल्या. "भाऊंच्या हायेत, न्या. पर ह्यांच्याकडं बी बगा एकदा." बबनरावांनी पाहिले. बाटल्या पुन्हा वाळूत; पण पाहून आल्यापासून बबनराव विनोद करत नाहीत.
डॉक्टरही जाऊन आले. आधी आक्कावर ओरडले, मग सवयीने माझ्यावर. पाय कदाचित काढावा लागेल. नव्या बाटल्यांना आठवडा. मी म्हटले, एक त्याला, एक मला? "म्हणजे दोघांनाही अपुरी. औषध तुमचं, तुम्ही ठरवा." असले अधिकार लोक आजाऱ्याला का देतात?
संध्याकाळी कणकण.

१० फेब्रु., सोम.
टाक्याशी पुन्हा ओल. परोपकारावरची चाळीसेक सुभाषिते पाठ आहेत. कर्त्याला त्या वेळी ताप किती होता, ते एकातही दिलेले नाही.
आक्का कालपासून जेवली नाही. "दिलेलं दान परत घेतलं तर काय होतं रे? शास्त्र तू शिकलास." ग्रंथ पाहावा लागेल, म्हणालो. ग्रंथ उशाशीच होता.
आताच बबनराव आले. पिचकारी उकळून आणलेली, सायकल दारात. थर्मामीटर माझ्या तोंडात दिले आणि विचारले, "कुटं टोचू, भाऊ? हितं, का कुसगावला?"
तोंडात काच असल्याने बोलता येईना. दोन मिनिटे मिळाली.
वेळ झाली. थर्मामीटर काढून त्यांनी हातात धरले; आकडा पाहिलाच नाही. माझ्याकडेच पाहत उभे आहेत. मी हे लिहीत बसलोय.