जरा धर रे

बाबा, इथूनच तुमच्या पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. खोली कोरडी आहे, जेवणही वेळेवर होतं, आईला सांगा.

इथे कारखान्यात बुटाचं कलबूत, आपला तो लाकडी पाय, लोखंडी शिकंज्यात बसवतात. मग चामडं ओढायला दोन्ही हात मोकळे. तरी मी उभ्या उभ्या गुडघे आवळतो, तुम्ही कलबूत गुडघ्यांत धरताना आवळता तसे. मुकादम हसतो, "अरे, यंत्र धरतंय ना, मग तू कशाला धरतोस?"

तुमच्या गुडघ्यांबद्दल आई अवाक्षर लिहीत नाही. ते दुखायला लागले की तुम्ही म्हणायचात, "जरा धर रे." शिकंजा काही थकत नाही, त्यामुळे इथे मला तसं कुणी म्हणत नाही.

तुमचं कलबूत आता कोण धरतं?

तुमचा,
थोरला