हिराबाईला न उचलणारी पिशवी

शनिवार, ९ फेब्रुवारी २००२
इंदिरानगर, नाशिक

आज मंडळाच्या धान्यवाटपात पिशव्या पुन्हा कमी पडल्या. सुरुवातीला फक्त बांधकामावरचे मजूर यायचे, आता आमच्या गल्लीतलीही माणसं दिसतात. आज तर रांगेत सर्वात शेवटी सुनंदावहिनी उभ्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, पदर तोंडावर ओढलेला. त्यांच्या मिस्टरांची कंपनी दिवाळीत बंद पडली, हे मला माहीत होतं. पण घरात तांदूळही नसेल, हे कसं सुचलं नाही मला?

शेवटची पिशवी त्यांच्या पुढच्या हिराबाईला मिळाली. ती पेठ तालुक्यातली, समोरच्या इमारतीवर विटा वाहते. तिने मागे वळून वहिनींकडे पाहिलं. त्या इस्त्रीच्या साडीकडेही.

"मी सहजच आले होते," म्हणत वहिनी निघाल्या.

"ताई, थांबा की! मला येवढं उचलत नाय. अर्धं तुम्ही न्या ना, लय बरं होईल."

दिवसभर डोक्यावर विटा वाहणारी बाई, आणि तिला दहा किलो उचलत नाही! मी मुद्दाम वाटपाच्या वहीत डोकं घातलं. इतके महिने वाटप करतेय, पण असं देणं मला एकदाही जमलेलं नाही.

हिराबाईने अर्धे तांदूळ वहिनींच्या पिशवीत ओतले.

"उद्या चहाला या घरी," वहिनी हळूच म्हणाल्या.

"येते की. कुठलं घर?"

वहिनींनी तोंडावरचा पदर काढला आणि सगळ्यांदेखत हात उंच करून आपलं घर दाखवलं.