आरशाचं भोक

७ फेब्रुवारी
दुर्बिणीचा आरसा तयार! दोन वर्षं बाल्कनीत बसून घासला. आता फक्त मधोमध भोक पाडायचं. मग डोळा लावायची जागा मागच्या बाजूला येईल आणि अप्पांना खुर्चीत बसून शनीची कडी बघता येतील. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितलीय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यानंतर नजरेची खात्री नाही. भोक म्हणजे एका रविवारचं काम. दुपारची झोपही होईल.

८ फेब्रुवारी
ही म्हणाली, आहे तसाच नळीत बसवा, डोळा वरच्या टोकाशी लावायचा; अप्पा स्टुलावर उभे राहून बघतील. म्हाताऱ्या वडिलांना स्टुलावर चढवणारा मुलगा मी नव्हे. हिला यातलं गणित कळत नाही. शाळेत गणितच शिकवते, पण ते वेगळं.

११ फेब्रुवारी, रविवार
ड्रिलला पितळी पाइपचा तुकडा लावला. खाली काच घासायची कार्बोरंडमची पूड आणि पाणी. दिवसभर घरघर. काचेवर एक गोल ओरखडा उमटला. प्रगती समाधानकारक. शेजारी दोनदा दार वाजवून गेले. उत्सुकता असते लोकांना.

२५ फेब्रुवारी
काचवाल्याला सहज दाखवलं. म्हणाला, साहेब, भोक आधी पाडतात, पॉलिश नंतर; आता हात लावू नका. स्वतःला जमत नाही ते सरळ सांगावं. नाचता येईना, अंगण वाकडं!

१७ मार्च
निम्मं झालं. अप्पांनी विचारलं, शनी आहे ना रे अजून? म्हटलं, तो कुठे पळतोय.

१४ एप्रिल, सकाळ
अगदी पापुद्रा उरलाय. हल्ली ही अप्पांना पेपर वाचून दाखवते. तरी शेवटच्या टप्प्यात घाई करायची नाही, असं पक्कं ठरवलं.

संध्याकाळ
घाई केली नाही. हातोडीने फक्त एक टिचकी मारली.

१५ एप्रिल
तीन तुकडे. भोक मात्र छान गोल आलं होतं.

२ मे
आज अप्पांना सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, जाऊ दे रे, आता तसंही मला तुझं तोंडसुद्धा धड दिसत नाही. तू एवढा खपलास, तू तर पाहिलाच असशील; कसा दिसतो तेवढं सांग.

मी घसा खाकरला. भोक पडल्याशिवाय आरसा नळीत बसवायचा नाही, हा माझाच नियम. अप्पा कान देऊन बसले होते. आणि मी शनी अजून एकदाही पाहिलेला नाही.