वत्सलेची सावकाश फिरणारी तबकडी

घिवली,
ता. ९ मार्च १९६८

चि. सौ. नलू हिस आत्मारामचे आशीर्वाद.

तुझा ताप उतरला असेल, आणि दामूरावांचं हॉटेल मनोरच्या ट्रकवाल्यांना पुरून उरत असेल. इकडे मी जेवतो, झोपतो, सोसायटीत मासळीच्या नोंदी करतो. यापलीकडे विचारू नये.

तुला बहिणीच्या दहाव्याला येता आलं नाही, म्हणून सविस्तर कळवतो. कावळा शिवेना. हिरामावशीने होडी रंगवायचं कबूल केलं, महादूने देवीला नारळ कबूल केला. कावळा माडावर ढिम्म. शेवटी नवरा म्हणून मीच सर्वांदेखत म्हणालो, "वत्सला, तुझी तबकडी वाजवीन." लगेच उतरला. (महादू म्हणाला, "कावला अमेरिकन हाय वाटतं." दहाव्याला हसू नये, पण हसलो.)

तबकडी तीच, तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या अमेरिकन मडमेने मायदेशी जाताना वत्सलेला दिलेली. एक पियानोवाला, त्याच्यामागे सतरा वाजवणारे, आणि समोरच्या लोकांच्या टाळ्यासुद्धा तीत भरलेल्या. तुम्ही दोघी मासळीच्या पाट्या उतरवून तिच्या स्वयंपाकघराच्या दारात ऐकत बसायच्यात. घरी येऊन ती सांगायची, "बंदरावरचा लिलाव असतो ना, तसं हाय. सगले वरडतात, पियानोवाला गप. मंग तो एकच बोट ठेवतो, आन् सगले गप." मलाही चल म्हणायची. मला संकोच. परक्याच्या दारात पुरुषाने कसं बसायचं? पुढे मडम गेली आणि प्रश्न मिटला (असं तेव्हा वाटलं).

तर महादूचा लग्नातला चावीचा फोनो आणला. अंगणात पन्नासेक माणसं. सुई टेकवली मात्र, सतराही जण जे धावत सुटले! पियानो म्हणजे पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा. टाळ्या तव्यावर चुरचुरल्यासारख्या. हिरामावशी म्हणाली, "आत्मा, या लोकांची होडी सुटते काय रं?" महादूने बोटाने तबकडी दाबून धरली, तेव्हा ते सतराही जण म्हशीसारखे हंबरले. पोट धरधरून हसले लोक. मग मावशी हळूच म्हणाली, "वत्सलीला ह्ये आवडायचं?"

मी सुई उचलली.

नंतर प्रकल्पावरच्या एका इंजिनिअरने सांगितलं, ही तबकडी सावकाश फिरणारी. चावीचा फोनो तिला दुपटीहून जोरात पळवतो, वर त्याची जड सुई तिला खरवडते. एक बाजू गेली. गावात मात्र अजून कोणी कोणाला घाई केली, की "वत्सलेचा बाजा लावलास काय" म्हणतात. ती चेष्टा मला सोसत नाही. वचनही पुरं झालं असं वाटत नाही.

बाकी क्षेम. दामूरावांना नमस्कार.

आत्माराम

ता. क. तुमच्या हॉटेलात तबकड्या वाजवायचं, सेलवर चालणारं, तीन वेगांचं मशीन आहे असं कळलं. एक दिवस आणता येईल का? दुसरी बाजू शाबूत आहे. गिऱ्हाइकं एक दिवस गाण्यांवाचून चहा पितील. मावशीला मी पुढे बसवणार आहे.

आणखी एक. मशीन नाही जमलं तरी तू ये. ती कुठे हसायची, कुठे तुझा दंड धरायची, ते तुलाच माहीत आहे. तेवढं सांग. मी लिहून घेईन.